पहिली भांडी आणि भट्टीआधीचा निर्णय

मातीकामाचा वर्ग संपत आला की एक प्रश्न हमखास येतो. आज त्याच्यावरच बोलणार आहे. एवढी भांडी झाली, त्यांचं आता करायचं काय? वाकडे पेले, जड बुडाच्या वाट्या, झाकण न बसणारे डबे. टाकवत नाहीत आणि ठेवायला घरात जागा नाही. बहुतेक जण हे सगळं भाजून झाल्यावर विचारतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्न भट्टीआधी विचारायचा आहे, कारण तेव्हा त्याचं उत्तर आपल्या हातात असतं.

वाळलेलं कच्चं भांडं पाण्यात सोडून बघा. बुडबुडे येतात, काठाचे पापुद्रे सुटतात आणि बघता बघता तळाशी नुसता गाळ उरतो. यात मेख एवढीच की भांडं खडखडीत वाळलेलं हवं. अर्धवट ओलं भांडं बादलीत टाकलंत तर ते बाहेरून बुळबुळीत होतं, आतून घट्टच राहतं, आणि तसंच दिवसेंदिवस पडून राहतं. तेव्हा मोडायचं असलं तरी आधी उन्हात ठेवा, रंग फिकट पडू द्या, मग पाण्यात घाला. गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरायचा, हाताला चिकटेनासा झाला की मळायला घ्यायचा. माती परत तयार! चांगली मुरलेली माती तर नव्या पाकिटातल्या मातीपेक्षा हाताला जास्त ऐकते.

भट्टीत ही वाट बंद होते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. मग ते भांडं वर्षभर पाण्यात बुडवून ठेवलं तरी त्याचा गोळा होत नाही. हे किती टिकतं ते बघायला लांब जायला नको. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची तिथली भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लाल अंगावर काळी नक्षी, बाजूला तोटी. जोर्वे भांड्यांची भाजणी इतकी पक्की असते की टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. आता विचार करा, आपण शिकताना केलेली तिरकी वाटीही भाजल्यावर त्याच पंगतीत जाऊन बसते. ती फुटेल, पण खापर म्हणून राहीलच. एवढं आयुष्य आपण कशाला देतोय, याचा विचार भट्टीत रचण्याआधी व्हायला हवा.

म्हणून सुरुवातीचे काही महिने मी विद्यार्थ्यांना चाकावरची भांडी तारेनं उभी कापायला लावते. पहिल्या वेळी चेहरे उतरतात. पण कापलेला अर्धा भाग हातात घ्या आणि नीट बघा. भिंत बुडाशी जाड, मध्ये जिथं बोट जास्त दाबलं गेलं तिथं पातळ, काठाशी परत फुगलेली. तळाशी कोपऱ्यात मातीचा केवढा ढीग अडकून राहिलाय! भांडं जड का लागत होतं ते इथं कळतं, आणि पुढच्या गोळ्याला कोपऱ्यातली माती वर उचलायची हे हाताला आपोआप सुचतं. अखंड भांडं ही गोष्ट सांगत नाही.

ठेवायचंच असेल तर हे अर्धे ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी एक, ओलं असतानाच बुडावर सुईनं तारीख आणि मातीचं नाव कोरून. सगळ्यात चांगलं जमलेलं ठेवायची गरज नाही. हात कुठं होता ते ज्यात दिसतं ते ठेवा. एक अखंड भांडं केवळ जीव जडला म्हणून ठेवावंसं वाटलं, तर जरूर ठेवा. त्याला माझ्याकडून कारण मागणार नाही.

सगळंच नाहीसं करावं असंही मी म्हणत नाही. अमेरिकन चित्रकार जॉन बाल्डेसारी यांनी १९७० मध्ये, १९५३ ते १९६६ या काळातली आपल्याजवळची चित्रं जाळून टाकली. त्यामागचं धाडस मला कळतं, तरी ते मला पटत नाही. तेरा वर्षांचा हात पुन्हा बघायला मिळत नाही. आणि त्यांनीसुद्धा राख पुस्तकाच्या आकाराच्या ब्राँझच्या कलशात जपली होतीच.

आता जे आधीच भाजून बसलंय त्याचं. लोक ते भेट देतात, आणि इथं मला थोडं कडक बोलायचंय. मावशी, आत्या, वहिनी कौतुकानं घेतात, नको म्हणू शकत नाहीत. देण्याआधी निदान एवढं करा: भांडं पाण्यानं भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर ओलं कडं दिसलं तर त्यात पाणीही ठेवू नका. ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, काय आहे याची खात्री नसेल तर लोणचं, दही, चिंचेचं सार यांना ते भांडं अजिबात देऊ नका. आंबटानं ग्लेझमधले धातू सुटू शकतात. हे सांगून द्या, नाहीतर देऊ नका.

ग्लेझ न लावता एकदा भाजलेलं भांडं, ज्याला आपण बिस्किट म्हणतो, ते कुटून चाळलं की ग्रॉग, म्हणजे भाजक्या मातीचा भुगा, होतं. ते नव्या मातीत मिसळलं की वाळताना माती कमी आटते, तडे कमी जातात. कुटताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट. ग्लेझ लावलेलं मात्र ग्रॉगला चालत नाही. त्याची खापरं कुंडीच्या भोकावर ठेवा. पाणी निथळतं, माती वाहून जात नाही.

आपली भट्टी येत्या शनिवारी रचायची आहे. मांडणीवरची तुमची भांडी गुरुवारपर्यंत बघून जा. जे मोडायचं त्यावर खडूनं फुली मारा, जे भाजायचं ते उलटं करून बुडावर तारीख आहे का बघा.