समुद्राचे पैसे वेगळे

[दृश्य : मंद उजेडातली काचपेटी. आत लाकडाचे पातळ, रंगीत तुकडे. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

लहान मुलाच्या हातात अख्खा युरोप खंड द्यायचा, तर तो केवढा असावा?

लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६६ मध्ये ठरवलं : टेबलाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा. त्याने युरोपचा नकाशा छापला, हाताने रंगवला, महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक पात्याची करवत घेऊन देशांच्या सीमांवरून कापत गेला. फ्रान्स वेगळा झाला, स्पेन वेगळा झाला. तुकडे पेटीत भरले आणि पेटी विकायला ठेवली. पुन्हा जोडायचं काम मुलांचं.

आज आपण याला जिगसॉ म्हणतो. तेव्हा तो शब्द नव्हता. तेव्हाचं नाव होतं ‘डिसेक्टेड मॅप’, म्हणजे चिरफाड केलेला नकाशा. डिसेक्शन म्हटलं की आपल्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला बेडूक आठवतो, पण शब्द तोच आहे आणि हेतूही फार लांबचा नाही. उघडून बघायचं, कुठला अवयव कुठे असतो ते शिकायचं.

[दृश्य : जुन्या लंडनचं रेखाचित्र. ड्रुरी लेनचा परिसर.]

ड्रुरी लेन म्हणजे लंडनचा नाटकवाल्यांचा भाग. तिथून जवळच, रसेल कोर्ट नावाच्या गल्लीत स्पिल्सबरीचं दुकान होतं. नकाशे कोरायचं काम तो थॉमस जेफ्रीजच्या हाताखाली शिकला. जेफ्रीज म्हणजे राजाचा अधिकृत भूगोलकार, तेव्हा उमेदवारी चांगल्या जागी झाली होती. १७६३ च्या लंडनच्या व्यावसायिकांच्या सूचीत या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराचं नाव आहे आणि नावापुढे धंदा दिलाय तो असा : कोरीव काम करणारा, आणि भूगोल शिकवणं सोपं व्हावं म्हणून लाकडात नकाशे चिरणारा.

असा धंदा लिहून द्यायचा म्हणजे माणसाला स्वतःच्या मालावर विश्वास हवा.

त्याच्याकडे मोजके विषय होते. जग, मग चार खंड : युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. मग इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड. आणि पेट्यांचे प्रकार होते. हा त्यातला माझा आवडता तपशील आहे : नकाशा समुद्रासकट हवा असेल तर एक भाव, समुद्र वगळून हवा असेल तर कमी भाव.

हे हसण्यावारी नेऊ नका. त्यात हिशेब आहे. समुद्रालाही लाकूड लागतं, कागद लागतो, करवत चालवावी लागते. आणि शिकण्यासारखं त्याच्यात काय, तर निळी कड आणि एखादं नाव. ज्या घरात पैशाचा विचार व्हायचा, तिथल्या मुलांच्या वाट्याला कोरडा युरोप आला.

[दृश्य : तुकडा हातात. आधी वरची बाजू, मग कड, मग पाठ.]

आता एक तुकडा जवळून बघू. वर कागद आहे. तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरलेला नकाशा त्याच्यावर दाबून छापलाय, म्हणून रेघा इतक्या बारीक. सीमेच्या आतून रंगाचा हलका पट्टा फिरवलाय. तो ब्रशने, हाताने, आणि प्रत्येक प्रतीवर वेगळा, त्यामुळे कुठे रेघेबाहेर गेलाय, कुठे आतच राहिलाय. कडेला बोट लावलं की करवतीचे बारीक ओरखडे जाणवतात. पाठीमागे उघडं लाकूड, तांबूस, गुळगुळीत.

आणि एक गोष्ट नाही. आजच्या जिगसॉच्या तुकड्याला एका बाजूला फुगीर डोकं असतं, दुसऱ्या बाजूला ते बसायची खोबण. इथे मधल्या तुकड्यांना तसलं काही नाही. देशांच्या सीमा जशा वेड्यावाकड्या, तसाच तुकडा. एकमेकांत अडकणारे असायचे ते बहुतेक बाहेरच्या चौकटीचे. म्हणजे चौकट आधी जुळवायची आणि मग तिच्या कुंपणात एकेक राज्य नुसतं ठेवायचं. कुणाचं कोपर लागलं, कुणी टेबलाला धक्का दिला, की सगळा युरोप घसरला. पुन्हा पहिल्यापासून.

[दृश्य : महोगनीच्या लाकडाची रेषा, अगदी जवळून.]

लाकडाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. महोगनी इंग्लंडात उगवत नाही. ते यायचं जमैका आणि आसपासच्या किनाऱ्यांवरून. १७२१ मध्ये ब्रिटनने आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि मग हे तांबूस लाकूड लंडनच्या श्रीमंत घरांत शिरलं : टेबलं, कपाटं, जिन्याचे कठडे, आणि मुलांचे नकाशे. ते तोडणारे हात गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांचे होते. अमेरिका खंडाचा नकाशा जोडणारं मूल जे लाकूड हातात धरून होतं, ते त्याच भागातून जहाजाने आलेलं असायचं. नकाशावर ते बेट दिसतं. तिथे काय चाललंय ते दिसत नाही.

कॅटलॉगमध्ये अशा वस्तूपुढे ‘महोगनी, छापील कागद’ एवढंच लिहिलेलं असतं. तेही बरोबरच आहे म्हणा.

[दृश्य : क्यू पॅलेसची लाल विटांची इमारत. बाग.]

लंडनच्या पश्चिमेला क्यू इथे राजे तिसरे जॉर्ज यांचं कुटुंब राहायचं. राजा-राणीला पंधरा मुलं. थोरल्या राजपुत्राचा जन्म १७६२ चा. त्याच वर्षी लेडी शार्लट फिंच या बाईंची मुलांच्या शिक्षिका म्हणून नेमणूक झाली आणि तीस वर्षं त्यांनी ती सांभाळली. त्यांचं एक छोटं महोगनीचं कपाट अजून आहे. उथळ उथळ खणांचं, आणि खणांत असेच चिरलेले नकाशे. हे कपाट आज हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस ही संस्था आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्या सामायिक मालकीचं आहे.

पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेले दोन राजे या बाईंच्या हाताखालून गेले. वडिलांचं राज्य कुठे कुठे पसरलंय, हे पोरांनी तुकडे जोडून शिकायचं. थोरला एकवीस वर्षांचा झाला त्या १७८३ साली वडिलांना अमेरिकेतल्या तेरा वसाहतींवर पाणी सोडावं लागलं. भूगोलाचा हा धडा खणात नव्हता.

कल्पना स्पिल्सबरीचीच, असं बरीच वर्षं छातीठोक सांगितलं जायचं. आता तसं सांगता येत नाही. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या एक फ्रेंच बाई होत्या, मादाम लप्रॅंस द बोमाँ. राक्षस आणि सुंदरीची गोष्ट आज जगभर ज्या रूपात सांगितली जाते, ते रूप बरंचसं यांचं. त्या शिकवताना लाकडी नकाशे वापरत आणि तेही स्पिल्सबरीच्या आधीपासून, असं दिसतं. दुकान काढणाऱ्याचं नाव राहतं, वर्गात वापरणारीचं राहत नाही. हे काही फक्त जिगसॉच्या बाबतीत घडलेलं नाही.

स्पिल्सबरी स्वतः १७६९ मध्ये गेला. वय तिशीच्या आसपास.

[दृश्य : दौत, टाक, जुनं पत्र.]

खेळ मात्र चालला. १७८० मध्ये विल्यम कूपर या कवीने मित्राला पत्र लिहिलं. मित्राला मुलगा होता आणि त्याला काय शिकवावं असा विषय होता. कूपर सांगतो, भूगोल शिकव. एका लॉर्डसाहेबांच्या मुलाला चौथ्या वर्षीच जगातली राज्यं, शहरं, नद्या, डोंगर कुठे आहेत ते सगळं ठाऊक होतं आणि हे त्याला कशामुळे आलं, तर एका खेळण्यामुळे. नकाशा कापून केलेले तुकडे, ढीग करायचा आणि पुन्हा जुळवायचा. कूपर हळूच असंही म्हणतो की एवढं ज्ञान बहुधा त्या मुलाच्या बापालाही नसावं.

पालक तेव्हाही असेच होते. अमक्याच्या मुलाला येतं.

आणि ज्याला येत नाही त्याचं काय? १८१४ मध्ये जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरीत गरीब घरातली एक मुलगी श्रीमंत मावशीकडे राहायला येते. मावसबहिणी तिची कुचेष्टा करतात : हिला युरोपचा नकाशा जोडता येत नाही! बिचारीने तसली पेटी आधी कुठे बघितली असणार? पण जिच्या घरात पेटी आहे, तिला वाटतं अक्कलही घरातच आहे.

[दृश्य : राजांच्या चित्रांच्या रांगा असलेलं कोडं. मग बायबलमधला प्रसंग.]

नकाशांनंतर इतिहासाची पाळी आली. जॉन वॉलिस, विल्यम डार्टन या प्रकाशकांनी इंग्लंडचे राजे चौकटीत बसवले. विजेत्या विल्यमपासून चालू राजापर्यंत, एकेकाची गोल तसबीर, खाली दोन ओळी. भूगोलात तुकडा चुकला तर बसत नाही. राजे मात्र साधारण एकाच मापाचे, तेव्हा एकाच्या जागी दुसरा चालून जायचा. वाचल्याशिवाय सुटका नाही. मग बायबलमधले प्रसंग आले. ज्या घरांत रविवारी खेळणी कपाटात बंद असायची, तिथेही हे चालायचं, कारण ते खेळणं नव्हतं, धर्म होता.

निव्वळ मजेसाठी चित्र, म्हणजे कुत्रं, सर्कस, आगगाडी, हे एकोणिसाव्या शतकात हळूहळू वाढत गेलं. महोगनी जाऊन स्वस्त लाकूड आलं. हाताने रंगवणं मागे पडलं, रंगीत शिळाछपाई आली. पेटीच्या झाकणावर चित्र आलं. जर्मनीतून ठोकळ्यांचे संच यायचे : लाकडी घन, सहा बाजूंना सहा वेगवेगळ्या चित्रांचे भाग. एक चित्र जुळलं की पूर्ण रांग दोन्ही हातांत घट्ट दाबून एकदम उलटायची. रांगा बरोबर उलटल्या की खाली दुसरं चित्र तयार. हात सुटला की ठोकळे जमिनीवर. संग्रहालयांतल्या अशा संचांचे कोपरे बघा. रंग उडून कागदाचे पापुद्रे निघालेले असतात.

अमेरिकेत १८८० च्या दशकात मिल्टन ब्रॅडलीने एक कोडं काढलं. नाव ‘स्मॅश्ड अप लोकोमोटिव्ह’. चक्काचूर झालेलं इंजिन! तुम्ही ते पुन्हा उभं करायचं. मुलांची नस ओळखणारा माणूस.

त्याच काळात पायाने चालवायची करवत सुलभ झाली आणि मग या खेळाला यंत्राचं नाव चिकटलं. ‘जिगसॉ’ हे कोड्याचं नाव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. तोवर मोठ्या माणसांनाही वेड लागलं होतं. पार्कर ब्रदर्सने १९०९ मध्ये इतर खेळ बाजूला ठेवून कारखाना फक्त जिगसॉला लावला. पुढची गोष्ट पुठ्ठ्याची आहे आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरी आहे.

[दृश्य : पुन्हा पहिली काचपेटी. युरोपचा नकाशा.]

आपण परत १७६६ च्या युरोपकडे जाऊ. नकाशाच्या मधोमध, जरा उजवीकडे, पोलंड आहे. चांगलं ऐसपैस राज्य. स्पिल्सबरीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७२ मध्ये, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने त्याचे लचके तोडले. १७९३ मध्ये पुन्हा, या वेळी रशिया आणि प्रशियाने. १७९५ मध्ये तिघांनी उरलंसुरलं वाटून घेतलं. पुढची १२३ वर्षं युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा देश नव्हता.

नकाशे विकणाऱ्यांची चंगळ झाली असणार. सीमा हलली की जुनी पेटी बाद, नवी घ्या. नेपोलियनने तर या धंद्याला कायमचं काम दिलं. पण पेटी एकदा विकत घेतलेल्या घरात ती तशीच राहायची. थोरल्याकडून धाकट्याकडे, मग त्याच्या मुलांकडे. एकीकडे वर्तमानपत्रात पोलंड संपलेला आणि दुसरीकडे माडीवर कुणीतरी पाच-सहा वर्षांचं मूल गालिच्यावर पालथं पडून पोलंड जागेवर बसवतंय. बसतोय की. चारी बाजूंनी नीट बसतोय.

[दृश्य : तुकडे एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडले जातात.]

जुनं चित्रकोडं संग्रहात आलं की पहिलं काम मोजणीचं. किती तुकडे आहेत, किती असायला हवेत. संच पुरा निघाला तर भाग्य. कमी असतो तो बहुधा लहानातला लहान तुकडा. एखादं बेट, एखादी चिमुकली रियासत. मोठे देश सोफ्याखाली जात नाहीत. कधी कुणी घरच्या घरी नवा तुकडा कापून बसवलेला असतो, लाकूड वेगळं, कड ओबडधोबड, रंग शाईचा. तो काढून टाकत नाहीत. कुणीतरी, बहुधा एखाद्या संध्याकाळी रडारड झाल्यावर, बसून तो बनवलेला असतो. नोंदीत तोही येतो.

[दृश्य : हात तुकडे परत पेटीत ठेवतात. शेवटी निळ्या कडेचा, काहीही न छापलेला एक तुकडा उरतो.]

आणि हा समुद्र. याचे पैसे वेगळे दिलेले आहेत.

[झाकण सरकतं. काळोख.]