देवाला ‘आता’ कळते का?

श्रोतेहो, नमस्कार.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जतन करून ठेवलेली आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा जाड कापडावर या संतकवीने पंचीकरण हा वेदान्तातला अवघड विषय ओव्यांनी आणि आकृत्यांनी लिहून काढला. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाकून एकेक ओळ लावत होतो. शाई जागोजागी फिकी झालेली, एखादे अक्षर विणीतच मुरून गेलेले, आणि पुढची ओळ लागेपर्यंत मागची निसटलेली. मग दोन पावले मागे सरलो. अक्षरे पुसट झाली, पण आरंभ आणि शेवट एकाच नजरेत आले. देव आणि काळ यांच्या नात्याविषयी जो वाद दीड हजार वर्षे चालू आहे, तो या दोन पावलांच्या अंतरात मावतो असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पाश्चात्त्य परंपरेत हा वाद ज्याने ठामपणे मांडला तो बोएथियस रोमन विद्वान होता आणि राजा थिओडोरिकच्या कैदेत, इ. स. 524 च्या सुमारास, मृत्यूची वाट पाहत लिहीत होता. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता, की मी उद्या काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल, आणि देवाचे ज्ञान चुकू शकत नसेल, तर उद्या वेगळे काही करण्याची मोकळीक मला उरते कोठे? त्याचे उत्तर असे, की ‘आधीच’ हा शब्दच देवाला लागू पडत नाही. अमर्याद जीवन संपूर्णपणे आणि एकाच वेळी आपलेसे असणे, हेच त्याच्या मते शाश्वतपण. आपण सूर्य उगवताना आणि माणूस चालताना एकाच क्षणी पाहतो, म्हणून काही तो माणूस सूर्यासारखा नियमाने बांधला जात नाही. तसेच देवाच्या पाहण्याने आपले करणे बांधले जात नाही. पासोडी अवघी पाहणाऱ्याने एकही ओवी बदललेली नसते. मृत्यूच्या छायेत बसलेल्या माणसाने हा विचार इतका शांतपणे मांडावा, याचे मला फार मोठे अप्रूप आहे.

तरीही त्यात एक उणीव राहते. पट कितीही नीट दिसला, तरी वाचणाऱ्याचे बोट या क्षणी कोणत्या ओवीवर आहे हे पटावर लिहिलेले नसते. नॉर्मन क्रेट्झमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1966 साली नेमके हेच विचारले: जो सर्व जाणतो त्याला या घडीला किती वाजले हेही कळले पाहिजे, आणि घडी बदलली की ते ज्ञानही बदलले पाहिजे; मग तो देव अविकारी कसा? त्याआधी, 1959 मध्ये, आर्थर प्रायर या तर्कशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की एखादे संकट सरल्यावर माणूस ‘सुटलो एकदाचा’ म्हणतो तेव्हा तो कोणत्याही तारखेविषयी बोलत नसतो.

मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. ‘1972 साली दुष्काळ पडला’ हे वाक्य तेव्हा खरे होते, आज खरे आहे आणि पुढेही खरेच राहील. पण दुष्काळी कामावर वर्षभर खडी फोडून घरी आलेल्या माझ्या आजीने पहिला धो-धो पाऊस पाहून ‘सरला बाई एकदाचा’ म्हटले, ते त्याआधी म्हणताच आले नसते. कालातीत देवाचे कैवारी यावर सांगतात, की ‘आता’ हा शब्द ‘इथे’ या शब्दासारखाच आहे; परभणीकराचे ‘इथे’ वेगळे, लातूरकराचे वेगळे, आणि दोन्ही ठिकाणे जाणणाऱ्याला तिसरे काही जाणायचे उरत नाही. युक्तिवाद चांगला आहे. मात्र त्याने आजीचा सुटकेचा श्वास उलगडत नाही, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन्ही टोके फार पूर्वी धरली गेली. पतंजलीच्या योगसूत्रांत ईश्वर पूर्वीच्या गुरूंचाही गुरू आहे, कारण त्याला काळाची मर्यादा पडत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात मात्र भगवंत ‘कालोऽस्मि’ म्हणतात, म्हणजे काळ मीच आहे. आणि मैत्री उपनिषद ब्रह्माची दोन रूपे सांगते, काळ आणि अकाळ. सूर्याच्या आधीचे ते अकाळ, सूर्यापासून पुढचे ते काळ. सृष्टी नसताना देव कालातीत आणि सृष्टीसह तो काळात, असे विल्यम लेन क्रेग हा आजचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ मांडतो, तेव्हा मला हटकून हे उपनिषद आठवते. दोघांच्या वाटा निराळ्या आहेत, तरी नड एकच आहे.

ही नड भक्ताची आहे. निकोलस वोल्टरस्टॉर्फ या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1975 साली म्हटले, की ज्या देवाने वचन दिले आणि नंतर ते पाळले, त्याच्या जीवनात आधी आणि नंतर असलेच पाहिजे. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी ज्यांचे गाव मानले जाते, त्या नामदेवांच्या आरतीत विठ्ठल अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. अठ्ठावीस ही मोजणी आहे, आणि ज्याच्यापाशी काळ नाही त्याची युगे मोजता येत नाहीत. उभे राहणे, तिष्ठणे, वाट पाहणे हे सगळे काळातच घडते. बोएथियसच्या देवाला सर्व दिसते, पण त्याला कोणाची वाट पाहता येत नाही.

खडी फोडायला जाण्यापूर्वी आजी तुळशीपाशी उभी राहून एकच वाक्य म्हणत असे: ‘देवा, आता तरी बघ.’ पट अवघा दिसत असलेल्या देवाला त्या वाक्यातला ‘आता’ ऐकू गेला असेल का, हे मला बोएथियसला विचारायचे आहे.