आखाड तळायचा, पण डब्यात काय आणि पानात काय?

नमस्कार मंडळी. मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, माइक ठीक आहे. बडोद्यात पाऊस जोरात लागला की दोन गोष्टी वर येतात: विश्वामित्रीच्या मगरी आणि आपल्या घरातल्या कढया. मगरींवर बोलायला बातम्यांवाले आहेत. आपण कढईपाशी थांबू.

आषाढात ‘आखाड तळतात’ हे आपल्याकडे जुनं. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, देवीला नैवेद्य, लेक माहेरी. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून अजूनही आषाढात तळणाचा वास येतो. पण दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच, की भजी छान झाली होती, पाहुणे येईपर्यंत चिवट कशी झाली?

माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यातलं तळण दोन जातींचं असतं. एक डब्यात टिकणारं, दुसरं कढईतून थेट पानात. आपण दुसऱ्याला पहिल्यासारखं वागवतो, तिथे घोळ होतो.

(कढई जवळून)

हे बुडबुडे बघा. तेल साधारण १७० ते १८० अंशांवर आहे आणि पिठातलं पाणी १०० अंशांना उकळतं. त्या पाण्याची वाफ धावत बाहेर येते, आणि ती बाहेर येते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. तेल कमी तापलं असेल तर वाफेत जोर नसतो, भजी तेल पिते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: बरंचसं तेल आत जातं ते भजी बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते, तशी वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच दोन-चार वेळा झटका, घाई करू नका.

आता कुरकुरीतपणा. वरचं कवच कोरडं, आतला कांदा ओला. ओल हळूहळू बाहेर सरकते आणि कवच मऊ पडतं. उन्हाळ्यात निदान थोडी ओल हवेत तरी उडून जाते. पावसात हवेतच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, मग ती ओल जाणार कुठे? वरून आपण भजीवर झाकण ठेवतो, गरम राहावी म्हणून! झाकणाखाली वाफेचं पाणी होतं आणि ते परत भजीवरच पडतं. जाळीवर ठेवा, उघडी ठेवा, लगेच खा.

खेकडा भजीचं तंत्र याच कारणाने आवडतं मला. कांदा लांब चिरून मीठ लावून ठेवायचा, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन मावेल तेवढं घालायचं. वरून पाणी नाही. ओवा, तिखट, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन, हवं तर थोडं तांदळाचं पीठ. सोडा? आपल्याकडे मेथीच्या गोट्यात सोडा असतो आणि तिथे तो शोभतो, गोटा आतून जाळीदार हवा. खेकडा भजीत मी घालत नाही. जाळी पडली की तेलाला आत जायला वाट मिळते.

कांद्याची हौस मात्र वेळेत भागवा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, मग दोनच दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागतो आणि पुष्कळ घरांत कांदा-लसूण बंद. हे पाळणाऱ्यांची मला अजिबात कीव येत नाही. कारण खरी मजा पुढे आहे: घोसाळ्याची भजी, मायाळूच्या पानांची, ओव्याच्या पानांची. आणि अळूवडी.

अळूवडीवर थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण पावसाळ्याला इतका जुळणारा पदार्थ दुसरा नाही.

खंडेराव मार्केटला जा, पातरांची पानं मागा. गुजराती पात्रा आणि आपली वडी, पान एकच. त्यांच्याकडे उकडून राई-तिळाची फोडणी देतात, आपण तळतो. पान काळ्या-जांभळ्या देठाचं घ्या. हिरव्या देठाचं फतफत्याला बरं. पानाची खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे, ते जिभेला आणि घशाला टोचतात. त्यावर आपल्या आज्यांचा उपाय चिंच, आंबटाने खाज कमी होते. त्यामुळे चिंचेत हात आखडू नका. गूळ चवीला. देठ काढताना हाताला तेल लावून घ्या.

बेसन, थोडं तांदळाचं पीठ, चिंचेचा दाट कोळ, गूळ, तिखट, धणे-जिरे पूड, हिंग, तीळ. पीठ पानाला चिकटून राहील इतपत घट्ट. पान उलटं ठेवायचं, शिरा लाटण्याने दाबायच्या, सर्वांत मोठं पान खाली. पानावर पान, चार-पाच झाली की कडा आत दुमडून घट्ट गुंडाळी. हे उंडे वीसेक मिनिटं वाफवा. सुरी खुपसून बघा, कोरडी आली पाहिजे. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम उंडा कापला की वड्या विस्कटतात, मग त्याला वेगळं नाव द्यावं लागतं.

यातली हुशारी बघा. शिजण्याचं काम वाफेने केलं, तेलाकडे फक्त कवच करायचं राहिलं. उंडे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहतात. पाऊस आला की लागतील तेवढेच काप काढा, तळा, खा. कोथिंबीर वडीलाही हेच लागू. म्हणजे डब्यात उंडा, पानात वडी. तळलेली वडी डब्यात भरायची नाही.

मग डब्यात काय? कापण्या. कणीक, गुळाचं पाणी, कडकडीत मोहन, चिमूट मीठ, वेलची. घट्ट मळा, जाडसर लाटा, वरून खसखस दाबा, चौकोनी तिरप्या कापा. आच मंद, कारण गूळ लवकर करपतो. आत ओल जवळजवळ उरत नाही म्हणून टिकतात. पण गूळ हवेतली ओल ओढतो, तेव्हा पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात. कोमट असताना भरल्यात तर सगळी मेहनत वाया.

एवढं करून भजी उरलीच, तर मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, तिथे ती आणखी चामट होते. उकळत्या कढीत सोडा, पाच मिनिटं ठेवा, भाताबरोबर वाढा. कढीत साखर घालायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. बडोद्यातल्या मराठी घरात हा वाद मी मिटवणार नाही.