नऊ एकांचा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल घेऊन बसा. गॅसवर दूध असेल तर आधी ते उतरवा, कारण आजचा गुणाकार जरा लांबलचक आहे.

अकराला अकराने गुणलं की येतात 121. 111 चा वर्ग 12321. आता एका ओळीत नऊ एक मांडा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं 12345678987654321. नऊपर्यंत जिना चढायचा, आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं!

संख्या सतरा अंकी. आपली बोली कोटीच्या पुढे अडखळते, पण ‘लीलावती’ या गणितग्रंथात भास्कराचार्यांनी थेट परार्धापर्यंत, म्हणजे अठराव्या स्थानापर्यंत, नावं दिली आहेत. त्या हिशेबाने डावीकडचा पहिला एक बसतो ‘मध्य’ स्थानावर, दोन ‘अंत्य’वर, तीन ‘जलधी’वर.

अशा संख्यांचा नाद होता दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना. जन्म 1905 चा, डहाणूचा. नोकरी देवळालीत, शाळामास्तरची. 6174 या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. आपल्या या जिन्याच्या संख्यांना त्यांनी म्हटलं ‘डेम्लो’. हे जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या, एका स्टेशनाचं जुनं नाव, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून. गणितात ग्रीक नावांची केवढी गर्दी! त्यात हे लोकलचं स्टेशन मला फार आवडतं.

आता मधला नऊ झाकून ठेवा. डावीकडे उरले 12345678, उजवीकडे 87654321. बेरीज करा. आठ नऊ! झाकलेला अंकही नऊच.

हे सगळं कशामुळे? गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. कडेच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ. म्हणजे उभी बेरीज नऊच्या वर जातच नाही, आणि हातचा येत नाही. पानावर एकूण 81 एक आहेत, म्हणून उत्तरातल्या अंकांची बेरीजही 81.

दहा एक घेतले की मात्र मध्ये दहा येतात. शून्य मांडलं, हातचा एक. शेजारच्या नवाचे झाले दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या शेजारच्या आठाचे नऊ. उत्तर: 1234567900987654321. उजवीकडून वाचलं तर एक ते नऊ सगळे हजर. डावीकडून वाचलं तर आठ गायब.

डावीकडचा तो आठ नसलेला तुकडा, 12345679, वेगळा लिहून घ्या आणि त्याला नवाने गुणा. हातचे सांभाळा, इथे भरपूर आहेत. उत्तरात एका ओळीत किती एक आले, ते मोजा.