गारठ्यातील लिफ्ट

डिसेंबरातील सकाळ. धुळ्यात मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या पत्र्याच्या गॅरेजबाहेर शेकोटी पेटली आहे. आत मात्र गाडी उचलणारी, तेलाच्या दाबावर चालणारी दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट रात्रभराच्या गारठ्यात आखडली आहे. मेस्तरी बटण दाबतात, मोटर फिरते, पंप गुरगुरतो. पण लिफ्टचे हात काही क्षण जागचे हलत नाहीत.

कारण टाकीतील तेलात आहे. डब्यावरील ‘४६’ किंवा ‘६८’ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा किती, हे सेंटिस्टोक या एककात सांगतो. पारा १० अंशांवर उतरला की तेच साधे खनिज तेल पाच पटींहून अधिक दाट होते. पंपाला ते वेळेत ओढता येत नाही, शोषणाच्या बाजूला बुडबुडे तयार होतात आणि दाबाखाली ते फुटताना पंपाचा धातू झिजवतात. हा गुरगुराट अंगवळणी पडू देऊ नये. अशा वेळी दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. तो घातक आहे, कारण त्यामुळे लिफ्टची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते आणि तेल मात्र तितकेच दाट राहते.

म्हणून पहिली गाडी घेण्यापूर्वी येथे रिकामी लिफ्ट तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली केली जाते. तेल फिरते, हळूहळू सैल होते आणि पंपाचा आवाज निवळतो. शेकोटी कोणी आत आणत नाही. गॅरेजमध्ये पेट्रोलची वाफ असते.

खान्देशाची खरी अडचण मात्र पुढे आहे. पहाटे गारठणारी हीच टाकी मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात काम करते. उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून ६८चे तेल भरले, तर थंडीत पंपाची दमछाक होते. ३२चे भरले, तर उन्हाळ्यात ते फार पातळ पडते. लिफ्टच्या उत्पादकाची मान्यता असेल, तर उच्च व्हिस्कॉसिटी इंडेक्सचे ४६चे तेल आम्हांला येथे अधिक योग्य वाटते, कारण तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा तुलनेने कमी बदलतो.

आता गाडी वर जाते आहे. खांबांतील लॉकची टकटक ऐकू येते. हवी ती उंची आल्यावर मेस्तरी गाडी किंचित खाली घेऊन लॉकवर टेकवतात, म्हणजे तिचे वजन तेलाऐवजी पोलाद पेलते. दाट तेलामुळे ही उतरण संथ होते, आणि एक बाजू टेकली तरी दुसरी अजून अधांतरी असल्याचे चटकन जाणवत नाही. म्हणून ते दोन्ही खांबांपाशी जाऊन लॉक डोळ्यांनी पाहतात आणि मगच हातदिवा घेऊन गाडीखाली शिरतात.