मुलगे अभ्यासात मागे पडतात, ते नेमके कुठे?

(पडद्यावर: परीक्षेचा वर्ग. खाली झुकलेल्या माना, चालणारी पेनं.)

‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलामुलींची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२ मध्ये ती ८१ देशांत आणि प्रदेशांत झाली. त्यांपैकी ७९ ठिकाणी वाचनात मुलींची सरासरी मुलग्यांपेक्षा जास्त होती. गणितात मात्र मुलगे थोडे पुढे. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी पाहिली, तर गणितात मुलग्यांची आघाडी ९ गुणांची आणि वाचनात मुलींची २४ गुणांची.

मुलग्यांना डोकं कमी असतं का, हा प्रश्न इथेच मिटतो. आता ते अडतात कुठे, ते बघू.

शाळेत वाचन हा काही वेगळा विषय नसतो. इतिहासाचं पुस्तक वाचावं लागतं, विज्ञानाचा प्रश्न वाचावा लागतो, गणितातलं शाब्दिक उदाहरणही वाचूनच सोडवावं लागतं. वाचन कच्चं राहिलं, की हळूहळू सगळेच विषय कच्चे राहतात.

(पडद्यावर: मुलगा उभा राहून धडा वाचतोय. बोट ओळीवर.)

हे बोट नीट बघा. शब्द आहे ‘पाऊल’. त्याने पहिलं अक्षर पाहिलं, चित्राकडे नजर टाकली आणि वाचलं ‘पाऊस’. पुढे जोडाक्षर आलं, तिथे तो पुटपुटला आणि सरळ पुढच्या शब्दावर गेला. मागून कुणीतरी हसलं. आता पुढच्या वेळी प्रकट वाचनाची पाळी आली की तो काय करेल? पाणी प्यायला बाहेर जायची परवानगी मागेल, शेजाऱ्याला ढोसेल, पुस्तक घरी राहिलं म्हणेल. शिक्षा झाली तरी चालेल, पण सगळ्यांसमोर अडखळायला नको. वर्गात मस्ती करणाऱ्या कितीतरी मुलांच्या मस्तीमागे हेच असतं, आणि आपण शिक्षा देतो ती मस्तीला.

यावर इलाज आहे. स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅननशायर भागातल्या काही शाळांमध्ये मुलांना अगदी सुरुवातीपासून अक्षरांचे आवाज आणि ते आवाज जोडून शब्द वाचायला शिकवलं गेलं. अंदाज नाही, चित्र बघून ओळखणं नाही. त्याच मुलांचा पुढे सात वर्षं मागोवा घेतला गेला. २००५ मध्ये अहवाल आला, तेव्हा शब्दवाचनात ही मुलं आपल्या वयाच्या बरीच पुढे होती, आणि त्यातही मुलगे मुलींच्या पुढे होते. वाचलेलं समजण्यातला फायदा मात्र याहून बराच लहान निघाला. म्हणजे शब्द वाचता येणं ही पहिली पायरी. अर्थ लागायला शब्दसंग्रह लागतो, तो वाढायला भरपूर वाचावं आणि ऐकावं लागतं, आणि तिथे शाळेचे तास पुरे पडत नाहीत.

म्हणून घराकडे वळू. रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. मूल वाचेल, घरातल्या मोठ्या माणसाने ऐकायचं. शब्द चुकला तर लगेच ओरडून दुरुस्त करायचा नाही. वाक्य संपू द्यायचं, मग त्या शब्दावर बोट ठेवून ‘हा पुन्हा बघ’ एवढंच म्हणायचं. नंतर दोन पानं आपण वाचून दाखवायची, त्याला आपलं आपण वाचता येतं त्याहून थोडी अवघड. हे काम वडिलांनी, आजोबांनी, मोठ्या भावानेही करावं, असं मला फार मनापासून वाटतं. घरात पुस्तक फक्त बायकांच्याच हातात दिसलं, तर मुलगा त्यातून जे शिकायचं ते शिकतोच.

आणि काय वाचायचं ते त्याला ठरवू द्या. यंत्रांची माहिती, सामन्यांची वर्णनं, चित्रकथा, जनावरांची पुस्तकं, काहीही. ‘हे काय वाचन आहे का!’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा.

(पडद्यावर: उघडी वही. अर्धं पान लिहिलेलं, अर्धं कोरं.)

दुसरी अडचण गृहपाठाची. ओईसीडीने २०१५ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार मुली आठवड्याला सुमारे साडेपाच तास गृहपाठ करत होत्या आणि मुलगे साडेचार तास. आठवड्याचा एक तास ऐकायला थोडा वाटतो. पण वर्षभराचा हिशेब केला की तो फार मोठा होतो. बरेच मुलगे गृहपाठ टाळतात असंही नसतं. वर्गात फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरतच नाही, घरी आल्यावर काय करायचं ते आठवत नाही, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांना उपदेशाचा काही उपयोग नसतो. शाळा सुटण्याआधी दोन मिनिटं थांबून प्रत्येकाच्या वहीत गृहपाठ उतरलाय ना, हे शिक्षकांनी बघावं. घरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कुणीतरी पहिली पाच मिनिटं शेजारी बसावं. उत्तरं सांगायला नाही. तो सुरुवात करतोय ना, एवढंच बघायला.

आता जी गोष्ट आपण सगळेच करतो आणि जिचा त्रास सर्वांत कमी ओळखतो, ती. ‘मुलगेच ते, त्यांचं लक्ष कुठे असतं!’, ‘बघ तुझी बहीण कशी शहाण्यासारखी बसते!’

इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सात-आठ वर्षांच्या काही मुलांना चाचणीआधी सांगितलं गेलं, की मुलगे शाळेत मुलींइतके चांगले नसतात. तेवढ्यानेच मुलग्यांची कामगिरी घसरली. मुलींवर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या प्रयोगात दोघांकडूनही सारखीच अपेक्षा आहे असं सांगितलं, तेव्हा मुलग्यांची कामगिरी सुधारली आणि मुलींची कमी झाली नाही.

फ्रान्समध्ये तिसरीच्या मुलांना शब्दांच्या गर्दीतून प्राण्यांची नावं शोधून खाली रेघ मारायला दिली. ही वाचनाची परीक्षा आहे असं सांगितलं, तेव्हा मुलगे मुलींच्या मागे राहिले. हा खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा पुढे गेले. कागद तोच होता. म्हणून म्हणते, मुलासमोर बोलताना सांभाळून बोला. आपण सहज बोलून जातो, तो ते आत ठेवतो.

(पडद्यावर: मैदान. धावणारी मुलं. मग वर्गाच्या दाराशी उभा एक मुलगा.)

गृहपाठ झाला नाही म्हणून मधली सुट्टी बंद, ही शिक्षा तर सरळ उलटी पडते. ज्याला बसवत नाही, त्यालाच आणखी बसवायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी हिरावू नये. मारण्याबद्दल वेगळं काय सांगायचं? युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालात मुलग्यांची शाळा सुटण्याच्या कारणांमध्ये कडक शिस्त आणि शारीरिक शिक्षा आहे, कमाईसाठी कामाला जुंपणं आहे. जगभरात १३ कोटी २० लाख मुलगे शाळेबाहेर असल्याचं तोच अहवाल सांगतो. शाळेबाहेर असलेल्या मुलींची संख्याही जवळपास तेवढीच आहे, आणि त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. मुलग्यांची काळजी घेताना मुलींसाठी चाललेलं काम कणभरही कमी व्हायचं कारण नाही.

मुलगा चौदा-पंधराचा झालाय आणि अजून वाचताना अडखळतोय, अशा घरांसाठी एक गोष्ट. उशीर झाला असं समजू नका. ओईसीडीच्या २०१२ च्या प्रौढांच्या चाचण्यांत सोळा ते एकोणतीस वयाच्या स्त्री-पुरुषांमध्ये वाचनातला फरक जवळजवळ दिसला नव्हता. कामाच्या निमित्ताने, गरजेपोटी पुरुषही वाचू लागतात. पण तोवर वाट बघू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शब्द उलटसुलट वाचणं, अक्षरं गाळणं सतत होत असेल, तर वाचनदोषाची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. या वयाच्या मुलाला लहान मुलांचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. त्याला घरातल्या किंवा शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला सांगा. सोपं पुस्तक वाचायला त्याला कारण मिळतं, सराव होतो, आणि छोट्याला गोष्ट मिळते. आठवड्यातून तीनदा, एका वेळी एकच पुस्तक. आदल्या दिवशी ते एकट्याने वाचून ठेवायला वेळ द्या, म्हणजे छोट्यासमोर तो अडखळणार नाही.