बेहिस्तूनच्या कड्यावरचा सरकारी खुलासा

पश्चिम इराणमध्ये, कर्मानशाह शहराजवळ बेहिस्तूनचा डोंगर. खाली जुना व्यापारी रस्ता. मान वर केली की उंच कड्यात कोरलेली माणसं दिसतात. नऊ कैदी, हात मागे बांधलेले, एका दोरानं गळ्यागळ्यांत जखडलेले. त्यांच्यासमोर धनुष्य घेतलेला इराणचा राजा दारियस. त्याचा पाय आडव्या पडलेल्या एका दहाव्या माणसाच्या छातीवर.

तो गौमात. भोवतीचा मजकूर जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत आहे, आणि बोलतोय स्वतः दारियस. तो म्हणतो, आधीचा सम्राट सायरस याचा मुलगा बर्दिया याला सख्ख्या भावानंच, राजा कंबुजियानं, गुपचूप मारलं होतं. मग गौमात नावाचा मगी पुरोहित 'मीच बर्दिया' म्हणत गादीवर बसला. इसवी सनापूर्वी 522 मध्ये मी त्याला ठार केलं, अहुरमज्दा देवाच्या कृपेनं राजा झालो, आणि एका वर्षात 19 लढाया जिंकल्या.

तोतया म्हटलं की आपल्याला पानिपतानंतरचे भाऊसाहेब आठवतात. तिथे निदान चौकशी तरी झाली. इथे निकाल देणाराच गादीवर बसलाय.

जवळजवळ प्रत्येक कैद्याजवळ त्याचं नाव आणि गुन्हा कोरलाय: हा अमुक, हा खोटं बोलला. बाबिलोन, मीडिया, एलाम हे प्रांत एकामागोमाग बंड करून का उठले? दारियसचं उत्तर एकच, खोटेपणामुळे. राजाच्या विरोधात गेला तो सत्याच्या विरोधात गेला, की विषय संपला. इराणी राजसत्तेचा विचार समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी.

रांगेतला शेवटचा, उंच टोकदार टोपीचा कैदी बघा. शकांचा प्रमुख स्कुंख. तो नंतरच्या मोहिमेत हाती लागला, म्हणून मागाहून कोरला. त्याला जागा करताना एलामी मजकुराचा काही भाग तासला गेला. मग तो सगळा मजकूर डावीकडे, खाली पुन्हा कोरून घेतला. दगडातली खोडाखोड!

रस्त्यावरून यातलं एक अक्षर वाचता येत नाही. म्हणून प्रती प्रांतोप्रांती गेल्या. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर पपायरसवरची आरमाईक भाषेतली प्रत सापडलीय.

पुढे कड्यावरची ही कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांची, लिपीच विसरली गेली. ती वाचण्यात मोठा वाटा हेन्री रॉलिन्सनचा. 1827 मध्ये कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात आलेला हा तरुण फारसी भारतातच शिकला. 1835 पासून तो हा लेख उतरवू लागला. बाबिलोनी भाग मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होता. 1847 मध्ये एका कुर्द मुलानं भेगांत खुंट्या ठोकत, कड्याला लटकून त्याचे कागदी ठसे घेतले.

मजकूर वाचता आला आणि शंका सुरू झाल्या. दारियसनं मारला तो खरा बर्दियाच असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. संशयाला खाद्य दारियसनंच पुरवलंय. इथे तो म्हणतो, माझ्या कुळात आठ राजे झाले, मी नववा. सुसा या त्याच्या राजधानीतल्या लेखात मात्र सांगून जातो की मी राजा झालो तेव्हा वडील आणि आजोबा दोघेही हयात होते. गादी कुळाच्या हक्कानं आली असती, तर ती घ्यायला त्याच्याआधी घरातच दोघे होते.